घळीच्या तोंडाशी सहा घरं

क्रीट, जून

प्रिय सिफी,

मेलबर्नहून धाडलेला तुझा बेत मिळाला. सकाळी घळ, दुपारी देवळाचे अवशेष, मग समुद्रात डुंबायचं. म्हटलं, तू यायच्या आधी एकदा चालून बघू. काल मी आणि बायको सातलाच निघालो.

पण घळीच्या तोंडाशी आपल्याच नात्यातली सहा घरं आहेत, हे तू विसरलास! पहिल्याच अंगणातून कलिओपीमावशी ओरडली, "दारावरून तसेच जाताय? मी काय मेले का?" बसलो. राकीचे पेले झाले, अक्रोड झाले. दुसऱ्या घरी गोगलगायी तळलेल्या. नको म्हटलं तर तीन वर्षं अबोला. पाचव्या घरी बायको माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, अवशेष बघायला कशाला जायचं? आपलेच झालेत." पोहायचा टॉवेल मी उशाला घेतला.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, म्हणून खरं लिहितो: साठ वर्षांत मी ती घळ आतून पाहिलेली नाही.

ऊन उतरल्यावर उठलो. सहाव्या घरावरून मात्र सरळ पुढे गेलो, कुणी अडवलंच नाही. ते तुझं घर. कुलूप गंजलंय.

अंधार पडत होता, घळीच्या तोंडावरूनच परतलो. घळ कुठे पळत नाही. तू ये आणि आम्हाला दारात अडव.

वाट बघत नाही असं दाखवणारा,
तुझा भाऊ मानूसोस