कुंकवाखालचा ठिपका

२८ एप्रिल
मॉनिटर आला एकदाचा. दादानं घेऊन दिला. म्हणला, घरी बसून लग्नाचे अल्बम कर, भटकणं बास. शहागंजातला दुकानदार म्हणत होता, लावून बघून घे. हो म्हणलो, पण बाहेर कबुतरांचे पिंजरे दिसले, तिकडंच गेलो. परत आलो तोवर खोकं बांधून तयार. येताना दोस्त अस्लमच्या खोलीवर थांबलो. तिथंच लावून अर्धा पिक्चर पाह्यला.

घरी मायनं ताट करून ठेवलेलं. कोकरू जन्मलं की कपाळाला हळद लावायची, तशी पडद्याच्या मधोमध लावली. वर कुंकू, अंगठा दाबून. दुष्काळात मेंढरं विकून इथं शहरात आलो तेव्हापास्नं तिला हळद लावायला नवं असं काही आलंच नव्हतं.

२९ एप्रिल
पहिलं काम. फर्दापूरची नवरी. गालावर तीळ. पुसला, जाईना. फोटो सरकवला तर तीळ नवऱ्याच्या मिशीत! मग कळलं, ठिपका पडद्यातच आहे. अजून दोन खाली कोपऱ्यात. डेड पिक्सेल, म्हणजे पडद्यातले मेलेले बिंदू.

दादा बिडकीनच्या कंपनीतून शिफ्ट करून आला. नवी वस्तू एका दिवसात कशी खराब होती, म्हणला. तोंडातून निघून गेलं, मायनं अंगठा दाबला ना.

माय भाकरी थापत होती. हात थांबला. मग परत थापायला लागली.

३० एप्रिल
दुकानात गेलो. "मैंने बोला था ना मियाँ, देख के लेव." तीन ठिपक्यांसाठी कंपनी बदलून देत नाही म्हणे.

अस्लमला सांगितलं तर हसायलाच लागला. पिक्चर बघताना पडद्यावर मच्छर बसलाय म्हणून हाच फुंकर मारत होता. उडेचना. आठवलं मला. मधोमधच होता.

म्हणजे कुंकवाच्या आधीपासून.

आजच सांगून टाकायचं ठरवलं. वाटंत नव्या प्लॉटिंगवर जेसीबी चालू होता, ते बघत उभा राह्यलो. घरी आलो तर माय टँकरच्या रांगेत. राहून गेलं.

२ मे
माय माझ्या खोलीत झाडायला येत नाही. वहिनीला सांगती, तिथलं तू बघ. चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवून जाती. मच्छराचं अजून सांगितलं नाही. दादाला कळलं तर? एक वस्तू धड बघून आणता येत नाही म्हणंल. आणि खरंच आहे ते.

३ मे
शेजारच्या गयाबाईची शेळी अडली. गयाबाई मायला बोलवायला आली. गावाकडं लोक लांबून यायचे मायला न्यायला, हाताला गुण म्हणून. मेंढी अडली की तीच लागायची. आज उठली नाही.

"दुसऱ्या कुणाला न्या बाई. माझा हात आता तसला ऱ्हायला नाय."

"आसं काय बोलती गं?" गयाबाई म्हणली.

माय जमिनीकडं बघत बसली. मी आत, माऊस नुसताच फिरवत. चार पावलांवर होती. उठता आलं असतं...

संध्याकाळी वहिनी सांगत आली, दोनातलं एक करडू गेलं. मायनं ऐकलं. पदरात हात गुंडाळून बसली.

४ मे
अल्बम तसाच पडलाय. दादाला सगळं सांगावं म्हणून फोन लावला. उचलला नाही. बरं वाटलं. मग बरं वाटलं याचीच लाज वाटली. दिवसभर बाहेर फिरलो. कुठं गेलो ते लिहीत नाही.

५ मे
आज मायच्या समोर जाऊन बसलो. म्हणलो, "माय, त्या ठिपक्याचं..."

"आधी जेव. गार होतंय."

जेवलो. आता ती समोर बसून तांदूळ निवडतीय, आणि मी हे लिहितोय.