रिपोर्टमधली शेवटची ओळ

दादा,

या दवाखान्यात माझं काम काय, ते कधी नीट सांगितलं नाही. पेशंटला सरकत्या पट्ट्यावर चालवतात. धाप लागली की मी त्याला धरून खाटेवर आडवा करतो आणि डॉक्टरीणबाई छातीवर जेली लावून पडद्यावर हृदय बघतात. त्या म्हणतात, "पडल्या पडल्या बरीच हृदयं गुणी दिसतात. दमवलं की चोरी कळते." रक्ताच्या नळीत अडथळा असला, तर हृदयाची तेवढी भिंत नीट हलत नाही.

बाबांची तपासणी नुसती झोपवून झाली होती. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून तू मला फोटो पाठवलास. सातवीत शाळा सोडलेल्या मला बाहेर राहून इंग्रजी आलं, असं तुम्ही धरून चाललात. मीही ते तसंच चालू दिलं. मला फक्त 'नॉर्मल' ओळखू आलं.

"जिना चढताना छाती धरतात रे," तू म्हणालास.

"सोंग आहे. जाऊ दे हमालीवर," मी म्हणालो.

आठवड्याने ते जिन्यातच गेले. मी गावी आलो आणि साऱ्या नातेवाइकांसमोर तुलाच झापलं, की तू बाबांना नीट दाखवलं नाहीस. तू मान खाली घातलीस.

आज बाईंकडून तो फोटो वाचून घेतला. शेवटची ओळ अशी: दमवून पुन्हा तपासावं, तोवर ओझं उचलू नये.

हे पाठवायची हिंमत नाही. तू दर रविवारी फोनवर विचारतोस, "माझंच चुकलं का रे?" आणि मी मोठ्या मनाने म्हणतो, "जाऊ दे दादा, झालं ते झालं."

तुझा,
इंग्रजी येणारा भाऊ