चाळीस अंडी आणि माझी शिस्त

३ तारीख, सकाळी ६.००
सूनबाई दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेली. पानं खाणाऱ्या भुंग्यांच्या अंड्यांचे दोन डबे ठेवून गेली. तिची सगळी पीएच.डी. त्यांत. एक डबा माझ्याकडे, एक यांच्याकडे. यांना का दिला, देव जाणे. मी बी.एस्सी., फर्स्ट क्लास थोडक्यात हुकलेली. डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावल्या. भिंतीवर तक्ता.

८.१५
प्रत्येक अंड्याच्या टोकाला तपकिरी घाण. हल्लीच्या मुलींना स्वच्छता म्हणून नाही. भिंग, कापसाच्या काड्या, दीड तास. चाळीसच्या चाळीस लख्ख, एकही फुटलं नाही. यांना म्हटलं, तुमचीही पुसून देते. म्हणाले, राहू दे, त्यांच्या आईनं काहीतरी विचार केलाच असेल. आळसाला यांच्याकडे कारण तयार असतं.

९ तारीख
अळ्या बाहेर आल्या. माझ्या गोऱ्यापान, शांत. यांच्या दिवसभर चरतात, डबाभर घाण. वळण नाही.

११ तारीख
माझ्या खातात, पण अंगी लागत नाही. पानंच निकृष्ट. माळ्याला झापलं. म्हणाला, साहेबांच्या डब्यातही हीच जातात. उलट बोलायची सवय.

१३ तारीख
नऊ गेल्या. पंख्याचा वारा. उद्यापासून पानं उकळून गार केलेल्या पाण्यात धुणार.

१४ तारीख
एकवीस. पाणी नीट उकळलं नसावं. यांच्या आकारानं दुप्पट झाल्या. हे त्यांना पेपर वाचून दाखवतात.

१६ तारीख, दुपारी
चाळीस. सूनबाई उद्या येणार. तिचं वर्ष बुडालं तर खापर माझ्यावर. यांना बोलणी खायची सवय आहे. चिठ्ठ्या बदलल्या. ही फसवणूक नव्हे, व्यवस्थापन.

१७ तारीख, संध्याकाळी
सूनबाईनं मेलेल्या अळ्यांच्या डब्यातली रिकामी कवचं भिंगाखाली धरली. म्हणाली, ती घाण नव्हतीच. भुंग्याची मादी प्रत्येक अंड्यावर जिवाणूंची टोपी ठेवते. अळी आधी ती खाते. ते जिवाणू पोटात नसले तर पान पचत नाही.

मी यांना म्हटलं, बघा तुमचे उद्योग.

पण ती रडली नाही. "बाबा, अंडं न फोडता टोपी काढायला मी चार महिने झगडतेय. तुम्ही चाळीस काढल्यात!" तिला हीच तुलना हवी होती म्हणे. प्रबंधात यांचे आभार मानणार आहे, नावानिशी.

मग माझ्याकडे वळली. "आई, तुम्हीही छान केलंत. कशाला हात लावला नाहीत."

हे चक्क लाजले.

उद्या तिला आणखी साठ अंडी तशीच करून हवीत. हे माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आले. हळूच म्हणाले, "कापसाच्या काड्या पुरतील ना गं?"