अंगणातला नवरदेव

बाबा, आज सकाळी भाकर थापताना तुमची आठवण आली, आणि खरं सांगते, आधी रागच आला. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, मी स्वतः आजी झाले, तरी तो राग काही जाईना. म्हणून लिहायला बसले.

आपल्या इंझोरीच्या घरी ती लांब कानांची कुत्र्याची दोन पिल्लं आली, तो दिवस मला लख्ख आठवतो. बदली होऊन चाललेल्या गोऱ्या साहेबानं दिली होती. एकाच आईची, बंदुकीनं पडलेलं तितर शोधून तोंडात धरून आणणारी जात. तुम्ही दोघांना उंबऱ्यावर उभं केलंत आणि तिथल्या तिथं वाटणी करून टाकलीत. भुरी शिकारीची, आणि तो रेशमासारख्या केसांचा नागपूरच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनाचा. भुरीचे केस तुम्ही दिवाळीआधीच कातरायचात, कारण गवताची कुसळं वाळली की लांब केसांत अडकतात आणि कानात शिरली तर कुत्रं जिवानिशी जातं. त्याच्या केसांना मात्र कात्री लागायची नाही. त्याला दुधात अंडं, आईच्या वाटची शिकेकाई, आणि फणी करायला मी. आई त्याला नवरदेवच म्हणायची. "या नवरदेवाले कोन्या मांडवात नेऊन राह्यले?" ती विचारायची. तुम्ही हसायचात. "त्याले ऊन लागू देऊ नका. अन् पोरीलेबी. औंदा पाहायले येतीन लोक." मला कापूस वेचायला जायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही, धुरानं रंग जाते म्हणे! मग आम्ही दोघं ओसरीच्या सावलीत बसलेलो असायचो.

तुम्ही नागपूरहून त्याचा चांदीचा कप घेऊन आलात तेव्हा गावभर पेढे वाटले. पुढं त्याला कप देणारा परीक्षक साहेब वाशीमला मुक्कामी आला. तुम्ही त्याला आपल्या शिवारात नेलंत, आणि भुरीबरोबर नवरदेवालाही नेलंत, मिरवायला. मी घरी आहे. लांबून बंदुकीचा बार ऐकू येतो, आणि थोड्या वेळानं नवरदेव एकटाच धावत येतो, कुसळांनी भरलेला, आणि थरथरत माझ्या पलंगाखाली शिरतो. तितर भुरीनं आणलं होतं. साहेब खो खो हसला म्हणे. घरी आल्यावर तुम्ही पायताणंसुद्धा काढली नाहीत. "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! फुकट खानारं कुत्रं मले नाही पाह्यजे." मी एकेक कुसळ काढत होते. दुसऱ्याच दिवशी मालेगावचा दुकानदार त्याला दुकानापुढं बांधायला घेऊन गेला. तो बैलगाडीत मागं तोंड करून बसला होता. आई तेवढी बोलली, "तुमीच बसवून ठेवलं त्याले, अन् आता बसते म्हून काहून हाकलून राह्यले?"

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. पाहायला आले त्यांनी पहिल्याच बैठकीत पसंत केलं. कामरगावला सासरी मी थापलेली पहिली भाकर तव्यावर टाकताना तुटली, दुसरीही तुटली. महिन्याभरानं तुम्ही भेटायला आलात, तेव्हा सासूबाई ताट ठेवता ठेवता म्हणाल्या, "पोरगी लाखात एक देली बुवा तुमी. पन नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा." मी दाराआड उभी. वाटलं, आता तुम्ही म्हणाल, चूक तिची नाही, मीच शिकू दिलं नाही. तुम्ही मान खाली घालून ती तुटकी भाकर खाल्लीत, सगळी खाल्लीत, आणि गाडी जुंपायला सांगितलंत.

एक गोष्ट तुम्हाला कधीच कळली नाही. दुपारी तुमचा डोळा लागला की मी चिंध्यांचा चेंडू फेकायची, आणि नवरदेव तो आणून माझ्या हातात द्यायचा. एकदा तर त्यानं चुलीजवळचं अंडं तोंडात धरून आणलं, तडासुद्धा गेला नव्हता. त्याला येत होतं, बाबा! फक्त बंदुकीचा बार त्याला कुणी कधी ऐकवला नव्हता. दुकानदाराची गाडी निघाली तेव्हा हे ओठांवर आलं होतं, पण तुमच्यापुढं बोलायची माझी कुठं टाप होती?

भाकर मला पुढं आली. सासूबाईंनीच शिकवली, शिव्या देत देत. आता टम्म फुगते, सुना नावाजतात. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. कुणी शेजारी उभं राहून बघायला लागलं, की अजून माझी भाकर तुटते.