प्रोजेक्टर कुणाला दिलात

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागवायचं म्हटलं तरी आधी तुमचा चेहरा नीट आठवावा लागतो. हात मात्र लगेच आठवतात. बनी पार्कातल्या भाड्याच्या घराची गच्ची, रविवारची संध्याकाळ आणि त्या जाडजूड प्रोजेक्टरमध्ये फिल्म ओवणारे तुमचे हात. विमा कंपनीत तुम्ही साहेब होतात, पण दिल्लीच्या जुन्या बाजारातून तो बंद पडलेला प्रोजेक्टर आणून तुम्ही स्वतः दुरुस्त केलात, आणि बदलीवर जयपुरात आलेली मराठी घरं सतरंज्या घेऊन आपल्या गच्चीवर जमू लागली. कुठल्या कुठल्या दूतावासांकडून मागवलेले माहितीपट असायचे. परदेशातले पूल, परदेशातली भातशेती. तरी सगळे कौतुकाने बघायचे, आणि आई खालून पोह्यांचं पातेलं वर पाठवायची.

एकदा फिल्म मी ओवली होती आणि ती मध्येच अडकून फाटली. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "घाई करायची असेल तर खाली जाऊन बस." मी खाली स्वयंपाकघरात जाऊन रडले. आईने कोथिंबिरीची जुडी निवडायला माझ्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसातून आलात ते बूटही न काढता मला वर घेऊन गेलात. डोळे मिटून ओवता येईपर्यंत सोडलं नाहीत. फिल्म दिव्यासमोरच्या झरोक्याच्या वर आणि खाली थोडी सैल ठेवायची, नाहीतर चाकांचे दाते तिला ओरबाडतात, हे मला बोटांनी कळलं ते त्या दिवशी. मग तुम्ही म्हणालात, "दादाला यात रस नाही. माझ्यानंतर हा तुझा. जपशील ना?" मी जपेन म्हटलं. लग्न होऊन नाशिकला गेले तेव्हा तो तुमच्याकडेच ठेवला, कारण रविवार अजून चालू होते. तुम्ही गेल्यावरही मागितला नाही. दादाच्या विद्याधर नगरच्या घरात माळ्यावर सुखरूप आहे, असंच धरून चालले होते.

गेल्या दिवाळीत जयपूरला गेले. दादा आता हॉटेलांना जुन्या वळणाच्या शोभेच्या वस्तू पुरवतो. एका संध्याकाळी तो मला बनी पार्कातल्याच एका हवेलीतल्या हॉटेलात घेऊन गेला. चौकात परदेशी पाहुणे बसलेत, भिंतीवर उंटांच्या जत्रेचा रंगीत सिनेमा चाललाय, आणि मागे तिपाईवर एक जुना प्रोजेक्टर खटखटतोय. दोन्ही रिळं फिरतायत. मी जवळ जाऊन पाहिलं तर रिळांवर फिल्मच नव्हती.

"आत व्हिडिओ प्रोजेक्टर बसवलाय," दादा हसून म्हणाला. "डीव्हीडी खाली लपवलीय. रिळं नुसती मोटरवर फिरतात, आवाज स्पीकरमधून येतो. मतलब, लोकांना जुनं वाटायला हवं ना."

मी मागे वळणार होते, तेवढ्यात प्रोजेक्टर उचलायच्या मुठीकडे लक्ष गेलं. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. ती तुम्ही गुंडाळलीत तेव्हा दुसरं टोक मी धरलं होतं.

"दादा, हा बाबांचा आहे."

"हो, पहिला हाच केला. याच्यावरून जुन्या शहरातला, चारदीवारीतला एक कारागीर आता पितळेचे बनवून देतो. चांगले जातात."

"मला विचारलं नाहीस?"

"तुला कशाला विचारायचं? बाबांनी मला दिला होता, दवाखान्यात असताना. म्हणाले, ती तिच्या घरी गेली, तिला काय करायचाय. तू हवं ते कर."

दादा खोटं बोलतो तेव्हा त्याची नजर खाली जाते. त्या वेळी तो माझ्याकडेच बघत होता. तरी घरी आल्यावर मी आईला विचारलं. ती अनारसे तळत होती.

"बाबा असं म्हणाले होते?"

"म्हणाले."

"मला कबूल केलेलं विसरले होते का?"

आईने झारा बाजूला ठेवला. "नाही गं. मी आठवण करून दिली होती. म्हणाले, फिल्म फाटल्यावर पोर हिरमुसली होती, तिला बरं वाटावं म्हणून बोललो होतो."

दादाचं मी समजू शकते. त्याने एका यंत्राचं पोट रिकामं केलं, आणि तेही तुमच्या परवानगीने. पण माझ्या त्या संध्याकाळच्या आतही काहीच नव्हतं, हे तुम्हाला सगळी वर्षं ठाऊक होतं. सासरी मी किती जणांना सांगितलं होतं, आमच्या बाबांचा प्रोजेक्टर माझा आहे म्हणून. माझी समजूत काढायचीच होती तर पोहे खायला बोलावलं असतंत तरी पुरलं असतं. डोळे मिटून ओवायला का शिकवलंत?

दादाने समेटासाठी मला नवा पितळेचा प्रोजेक्टर देऊ केला. मी नको म्हटलं आणि जुन्यातून काढलेले भाग मागितले. दातेरी चाकं, भिंग, दिव्याचं घर, सगळं त्याने गोणपाटात नीट बांधलं आणि स्वतः स्टेशनवर आणून दिलं. त्यानंतर फोन होतात, प्रोजेक्टरचा विषय निघत नाही.

ते गाठोडं आता माझ्या कपाटाखाली आहे. गेल्या आठवड्यात माझ्या लेकीने ते उघडलं आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, आजोबांचा प्रोजेक्टर, त्यांनी मला दिला होता.

"दादामामाला नाही, तुला?"

"मला."

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगते. तिला "मला" म्हणताना आपण खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही.