पाचशे दहा, दोनदा

आखाजी, संध्याकाळ. भेस्तान.

कारखान्याला सुट्टी नाहीच. सुरतेत आखाजीचं कुणाला काय? तिकडे गावी अक्षय्य तृतीयेला सगळ्या सासुरवाशिणी माहेरी झोके घेत असतील. ताईसुद्धा पोचली. मी इथे सुताची खोकी लावतेय.

आज एका खोक्यावर नंबर आला, ५१०५१०. हातच थांबले. झोक्यावर आमचा हाच तर खेळ होता! ताई झोका द्यायची आणि कुठलेही तीन आकडे सांगायची. मी ते दोनदा जोडून म्हणायचे, मग सातने भागायचे, अकराने, तेराने. बाकी कधी उरलीच नाही. शेवटी ताईने दिलेलेच तीन आकडे परत. सात, अकरा, तेराचा गुणाकार एक हजार एक होतो, म्हणून हे जमतं, हे तिनेच पुढे शोधून काढलं.

खडूने खोक्यावरच भागाकार मांडला. ७२९३०. ६६३०. ५१०. आला परत! सुपरवायझर खेकसला, "बेन, आ शुं लख्युं?" पुसून टाकलं. त्या मेल्याला काय सांगणार?

घरी येऊन ताईला फोन लावला. ५१०५१० एवढंच म्हणाले.

"पाचशे दहा!" ती लगेच म्हणाली. मग, "कव्हय येशी वं?"

कधी येणार, सुट्टी कुठेय? फोन कानाशी घट्ट धरला. तिच्याकडे झोक्याची कडी करकरत होती. ताईच झोका देत असावी, बोलता बोलता.

"कोण बसलंय गं झोक्यावर?"

"कोनी नही. तुनी जागा शे."