एका दमात एक ओळ

४ नोव्हेंबर, मंगळवार

थोरली लेक आली ती बॅग टेबलावर आपटतच. बत्तीस वर्षं मी पोरांची दप्तरं आपटलेली ऐकली, पण हिच्या बॅगेत एकशे चाळीस पानांचा सरकारी आराखडा! फ्लूची मोठी साथ आली तर आरोग्य खात्याने काय काय करायचं — कुणी कुणाला फोन करायचा, शाळा कधी बंद करायच्या, लस आधी कुणाला. महिनाअखेर खात्याची अधिकारी म्हणून हिने सही करून तो वर पाठवायचा.

"बाबा, भाषा तेवढी सुधारून द्या. माणसांना कळेल अशी."

"अगं, पण साथ आहे कुठे?"

"नाहीये, म्हणूनच तर वेळ आहे."

पहिलंच वाक्य अकरा ओळींचं. वाचता वाचता मला धाप लागली.

५ नोव्हेंबर

जुनं लाल पेन सापडलं. चालतं!

८ नोव्हेंबर

आज हात धुण्याच्या पानाशी अडलो. 'किमान वीस सेकंद.' थोरली म्हणते, लोक पाचावर नळ बंद करतात. घड्याळ घेऊन मोरीत उभा राहिलो. वीस सेकंद फार मोठे असतात! आणि एकदम सातवीचा वर्ग आठवला. दुपारचा शेवटचा तास, चाळीस पोरं एका सुरात भुजंगप्रयात म्हणताहेत, खिडकीच्या काचा थरथरताहेत. त्या चालीवर चार ओळी म्हणून पाहिल्या. एकवीस सेकंद! मग स्वतःच जुळवल्या —

नळाखालि दोन्ही करी हात ओले
नखांच्या कडांना पुन्हा साबणाने
हळू चोळ, बोटांमधे फेस राहो
पुरा श्लोक झाला, पुरे हात झाले

थोर काव्य नव्हे. पण वृत्त चोख.

थोरली फोनवर हसतच सुटली. "सरकारी आराखड्यात कविता?" म्हटलं, परिशिष्टात घाल. घातली!

१२ नोव्हेंबर

शनिवारी आराखड्याची रंगीत तालीम. आमच्याच जुन्या शाळेच्या सभागृहात. खोटे रोगी हवेत म्हणून आम्ही चौदा निवृत्त शिक्षक. भूगोल शिकवायचा तो मित्र — त्याला त्याची बायकोसुद्धा 'भूगोल'च म्हणते — विचारत होता, "मास्तर, मरायचंय की नुसतं खोकायचंय? त्यावर कपडे ठरवतो."

१५ नोव्हेंबर, शनिवार

तालीम झाली. फजिती झाली.

सभागृहात जमिनीवर तीन पट्ट्या चिकटवलेल्या. लाल — ताबडतोब प्राणवायू. पिवळी — डॉक्टर बघतील. हिरवी — बाकावर बसा. गळ्यात पाकीट, पाकिटात कार्ड, कार्डावर आपलं दुखणं. माझं : 'तीन दिवस ताप. चार पावलांत धाप. ओठ निळसर.' नर्सने विचारलं की हे सांगायचं. बस्स, एवढंच काम.

दारातल्या नर्सने गोड आवाजात विचारलं, "आजोबा, कसं वाटतंय?"

आणि मी म्हणालो, "छान आहे. मला काही नाही. मागे बाई उभ्या आहेत, आधी त्यांना घ्या."

तोंडातून निघूनच गेलं! तिने हिरवी चिठ्ठी लावली. मागच्या गणिताच्या बाई. त्या म्हणाल्या, "माझं काय, वयच आहे." हिरवी. भूगोल घरून खोकत आला होता, पण त्याला विचारल्यावर म्हणाला, "एकदम फर्स्ट क्लास!" हिरवी.

बाकावर आम्ही दीड तास मजेत. कुणाची बदली कुठे झाली होती, कोणता हेडमास्तर कसा घोरायचा. ह्याच सभागृहात मी पाठांतराच्या स्पर्धा घेतल्या. पडद्याच्या दोरीची गाठ अजून तीच आहे — मी मारलेली.

मग शिट्टी झाली. पाकिटं उघडून थोरलीने कार्डं वाचली. चौदांपैकी नऊजण हिरव्या बाकावर. त्यांतल्या सहांना लाल पट्टीवर जायचं होतं. "हे सहाजण," ती म्हणाली, "दीड तासात बाकावरच गेले."

भूगोल पुटपुटला, "तरीच पाय गार पडले होते." कुणी हसलं नाही.

१६ नोव्हेंबर

थोरली आली. चहा घेतला नाही.

"तुम्ही सगळे शिकलेले. हातात लिहून दिलेलं. तरी खोटं बोललात!"

"अगं, सवय असते."

"आईचीही सवयच होती."

तिने बॅग उचलली.

तिची आई जाऊन सात वर्षं झाली. तेव्हा साथ वगैरे नव्हती, साधा फ्लू. मी ह्याच खुर्चीत वाचत बसलो होतो. म्हटलं, "कसं वाटतंय गं?" ती म्हणाली, "काही नाही हो." आणि मी पान उलटलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवं होतं.

हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

जाताना थोरली दारात म्हणाली, "ह्या आराखड्यावर सही कशी करू? खाटा मोजल्या, मास्क मोजले. कपाटात निम्म्या मास्कांचे रबर तुटलेत, तेही मोजलं. पण माणूस खरं सांगेल, हे गृहीतच धरलं होतं."

१७ नोव्हेंबर

चूक आमची, पण प्रश्नाचीही. 'कसं वाटतंय' हा प्रश्नच नव्हे, ते 'नमस्कार' आहे. त्याला उत्तर ठरलेलं. वर्गात 'समजलं का?' विचारलं की चाळीस पोरं 'होऽऽ' म्हणायची. म्हणून मी कधी विचारत नसे. म्हणत असे, उभा राहा, ओळ म्हणून दाखव.

ओळ म्हणून दाखव!

लगेच फोन केला. ज्याला धाप आहे त्याला एक ओळ एका दमात म्हणता यायची नाही. तोंड खोटं बोलेल, श्वास बोलणार नाही.

"बाबा, सगळ्यांना कविता येत नाहीत."

"हा शिक्षण खात्याचा दोष!"

"आकडे म्हणायला लावू. एक ते दहा, एका दमात. आणि दाराशी नर्स श्वास मोजेल, बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावेल. 'कसं वाटतंय' काढून टाकते."

आकडे. काय ही अरसिकता! पण पान चौऱ्याऐंशीवर मीच लाल पेनाने ते वाक्य खोडलं.

२२ नोव्हेंबर

पुन्हा तालीम. चौदांपैकी तेरा बरोबर पट्टीवर. चौदावा भूगोल — हा आकडे म्हणताना गायला लागला, नर्सला हसू आवरेना.

२८ नोव्हेंबर

थोरलीने सही केली. परिशिष्टात माझा श्लोक, खाली नाव नाही. बरंच आहे.

१९ डिसेंबर

पेपरात कोपऱ्यात चार ओळी. दूर कुठेतरी कोंबड्यांच्या फार्मवरची दोन माणसं आजारी.

२३ जानेवारी

थोरलीचा फोन. "बाबा, ही तालीम नाही." एवढंच. मग म्हणाली, घराबाहेर पडू नका, वाण्याला सांगून ठेवलंय, दारात सामान ठेवेल.

२७ जानेवारी

शाळा बंद. समोरचं मैदान रिकामं. भूगोल रोज अकराला फोन करतो. आधी मी एक ते दहा म्हणायचं, मग त्याने. मग गप्पा. तो अजून गातो.

३ फेब्रुवारी

सकाळी मोरीत हात धुताना — 'नळाखालि दोन्ही' — आणि थांबलो. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच दम संपला. पाणी वाहत राहिलं.

थोरलीला फोन केला. तिने विचारलं नाही, कसं वाटतंय. म्हणाली, "बाबा, ओळ म्हणा."

म्हटली. अर्धी.

"गाडी निघाली. दार उघडं ठेवा."

ठेवलंय. 'काही नाही' म्हणालो नाही.